उद्या झोनची फायनल

मित्रांनो, आधीच सांगून टाकते. हा अंक तुमच्या हातात पडेल तेव्हा उद्याच्या मॅचला काही महिने उलटून गेलेले असतील. तुम्हाला निकाल माहीत असेल आणि मला आत्ता, शुक्रवारी रात्री साडेदहा वाजता, काहीच माहीत नाही. मराठी विभागाच्या संपादिकाबाई (म्हणजे माझ्याच बेंचवरची मैत्रीण) म्हणाल्या, "अगं, मॅच झाल्यावर लिही ना!" मी नाही म्हटलं. जिंकल्यावर सगळेच लिहितात आणि हरल्यावर कोणीच लिहीत नाही. आदल्या रात्रीचं कोणीतरी लिहून ठेवायला हवं की नको?

ज्यांचा जिमखान्याशी संबंध फक्त कॅरमपुरता आहे त्यांच्यासाठी थोडक्यात: विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा झोनप्रमाणे होतात. आपल्या झोनच्या फुटबॉलची फायनल उद्या शनिवारी दुपारी अडीच वाजता, मरीन लाईन्सला विद्यापीठाच्या मैदानावर आहे. जे चांगले खेळतात त्यांच्याकडे विद्यापीठाच्या संघासाठी बघितलं जातं आणि तो संघ पुढे पश्चिम विभाग आंतरविद्यापीठ स्पर्धेला जातो. इंजिनीअरिंग कॉलेज फायनलला पोचणं ही साधी गोष्ट नाही. समोर आहे ते आर्ट्स-कॉमर्सचं कॉलेज. त्यांची निम्मी टीम स्पोर्ट्स कोट्यातून आलेली, लेक्चर्स सकाळची, दुपारनंतर रोज प्रॅक्टिस. आपली टीम जर्नल सर्टिफाय करून, प्रॅक्टिकल संपवून, संध्याकाळी साडेपाचला अंधार पडायच्या आत जेवढं पळता येईल तेवढं पळते. त्यातल्या दोघांना के.टी. आहे. (कोणाला ते सांगणार नाही.)

माझा आतेभाऊ मिशिगनला शिकतो. त्याला हे सांगितलं तर त्याने लगेच तिकडचा व्हिडिओ पाठवला. तिकडे झोनला कॉन्फरन्स म्हणतात. त्याच्या युनिव्हर्सिटीची कॉन्फरन्स म्हणजे बिग टेन. नावात टेन आणि २०२४ पासून टीम अठरा! त्यांची फायनल डिसेंबरमध्ये इंडियानापोलिसला होते. त्याच्या कॉलेजच्या स्टेडियममध्ये १,०७,००० हून जास्त माणसं बसतात. म्हणजे साधारण तीन वानखेडे भरतील, आणि तेही कॉलेजच्या पोरांना बघायला. बरं, त्या खेळात बॉल बहुतेक वेळ हातातच असतो, तरी नाव फुटबॉल. असो. आमच्या सेमीफायनलला प्रेक्षक होते एकेचाळीस. मी मोजले, कारण हाफटाइमला दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. त्यातले चार समोरच्या टपरीवरचे.

आता थोडं माझ्याबद्दल, नाहीतर तुम्ही म्हणाल ही मुलगी फुटबॉलवर का लिहितेय. मी खोताच्या वाडीत राहते. गिरगावात, वाडीच्या त्या लाकडी सज्जांच्या बंगल्यांना लागून असलेल्या जुन्या बिल्डिंगमध्ये. दादोबा वामन खोत यांनी ही जमीन ईस्ट इंडियन कुटुंबांना प्लॉट पाडून विकली आणि वाडीला त्यांचं नाव राहिलं. आमच्या गल्लीत दोन माणसं शेजारी-शेजारी चालली की तिसऱ्याला भिंतीला चिकटावं लागतं. तिथे मुलं फुटबॉल खेळतात. नियम आमचे स्वतःचे: बॉल कोणाच्या व्हरांड्यात गेला तर आऊट, क्रूसाच्या दिशेने मारायचा नाही, आणि आंटी दुपारी झोपल्या असतील तर खेळ बंद. इथे वाढलेल्याला छोटा पास द्यायला शिकवावं लागत नाही. लांब मारायला जागाच नाही!

शाळा कॉन्व्हेंट. त्यामुळे माझं मराठी वाचन म्हणजे आजोबांना मोठ्याने वाचून दाखवलेलं पेपरचं शेवटचं पान. त्यांची नजर कमी झाल्यापासून ते माझं काम. 'आघाडीपटू', 'बचावपटू', 'गोलजाळे' हे शब्द मी तिथे शिकले. ऑफसाइडला मराठीत काय म्हणतात ते अजून सापडलेलं नाही. आजोबा म्हणतात, "ऑफसाइडच म्हणतात. पंच देतो तेव्हा आणखीही बरंच काही म्हणतात, पण ते तुझ्या मासिकात चालणार नाही."

आजोबा कूपरेजचे. म्हणजे राहायला गिरगावात, मनाने कूपरेजला. ठाकूरद्वारहून चालत जायचे रोव्हर्स कप बघायला. १८९१ साली सुरू झालेली ही स्पर्धा आधी गोऱ्या पलटणींचीच होती; १९३७ मध्ये बंगलोर मुस्लिम्सने ती जिंकली तेव्हा पहिल्यांदा कप भारतीय संघाकडे आला. १९५० ते १९५४ सलग पाच वर्षं हैदराबाद सिटी पोलीस. आजोबांना हे सगळं पाढ्यांसारखं पाठ आहे. नेव्हिल डिसोझाचं नाव घेतलं की ते खुर्चीत सरळ बसतात. १९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये ऑस्ट्रेलियाला आपण ४-२ हरवलं, त्यात तीन गोल नेव्हिलचे. ऑलिम्पिकमध्ये हॅट्‌ट्रिक करणारा पहिला आशियाई. आणि तो आपल्या मुंबईत, टाटा आणि कॅलटेक्सच्या संघांकडून खेळायचा.

हे 'टाटा आणि कॅलटेक्स' मला पूर्वी विचित्र वाटायचं. तेलाची कंपनी आणि फुटबॉल? मग आजोबांनी यादी सांगितली: मफतलाल, ऑर्के मिल्स, आर.सी.एफ., एअर इंडिया, महिंद्र, शिवाय रेल्वे आणि बँका. चांगला खेळतोस? मग ये, आमच्याकडे नोकरी कर, सकाळी सही कर आणि दुपारी मैदानावर जा. गिरगाव-परळच्या कितीतरी मुलांच्या घरात पहिला महिन्याचा पगार आला तो पायांमुळे आला. ते सगळं हळूहळू आटलं. महिंद्र युनायटेडने २००५-०६ ची नॅशनल फुटबॉल लीग जिंकली आणि २०१० मध्ये तो संघच बंद झाला. एअर इंडिया २०१३ मध्ये आय-लीगच्या बाहेर गेली. मुंबई एफ.सी. २०१७ नंतर दिसली नाही. आता व्यावसायिक क्लब आहेत, आणि मुंबई सिटीसाठी अंधेरीला जाऊन मीही घसा बसवून घेतलाय. ४ मे २०२४ ला कोलकात्यात मोहन बागानला त्यांच्याच घरी ३-१ हरवून आय.एस.एल. कप घेतला तेव्हा कॅप्टन होता राहुल भेके, आपला मुंबईचा मुलगा. त्या रात्री आमच्या बिल्डिंगमध्ये आजोबा आणि मी असे दोघंच ओरडत होतो. पण राहुल भेके होणारा एखादाच. बाकीच्यांना पूर्वी कॅलटेक्स होतं.

हे सगळं सांगायचं कारण आमचा चार नंबर.

नाव लिहायचं नाही अशी मला ताकीद आहे. नजर लागते म्हणे! चार नंबर म्हणजे आमचा कॅप्टन, स्टॉपर, फायनल इयर सिव्हिल. या सीझनमध्ये आपण चार मॅचमध्ये एकच गोल खाल्लाय, तो याच्यामुळे. याला फार पळावं लागत नाही, कारण बॉल कुठे येणार ते याला आधी कळतं. सेमीफायनलला शेवटच्या दहा मिनिटांत त्याने हेडरने सहा बॉल बाहेर काढले. सातवा काढताना कपाळ फुटलं, तर पट्टी बांधून परत आत.

उद्या दुपारी एक वाजता त्याची प्लेसमेंटची टेस्ट आहे. कंपनीचं नाव राहू दे. त्यांनी तारीख मंगळवारी कळवली. आमच्या सरांनी विनंती केली, पण वेळ बदलून मिळाली नाही. टेस्ट कॉलेजच्या लॅबमध्येच, दीड तासाची. म्हणजे अडीचला ती संपणार आणि त्याच मिनिटाला मरीन लाईन्सला शिट्टी वाजणार. फास्ट लोकल लगेच मिळाली तरी पाऊण तास. बरं, शॉर्टलिस्ट झाला तर ग्रुप डिस्कशन त्याच संध्याकाळी. सिव्हिलला कंपन्या किती येतात ते मी सांगायला नको. आणि त्याच्या घरी शैक्षणिक कर्जाचे हप्ते वाट बघतायत, हे टीममध्ये सगळ्यांना माहीत आहे म्हणून कोणीही त्याला काहीही म्हणत नाही. काल प्रॅक्टिसनंतर बराच वेळ सगळे बुटांचा चिखल काढत बसले होते. एवढा चिखल नव्हता.

आजोबांना सांगितलं तर त्यांना आधी समजेचना. "नोकरीसाठी मॅच सोडायची?" त्यांनी दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं नाही.

तर आता उद्याचा खेळ. चार नंबरचं नाव सरांनी राखीव खेळाडूंत लिहायचं ठरवलंय. तो आला तर सेकंड हाफला उतरेल. तोपर्यंत स्टॉपरला सहा नंबर उतरेल, जो मुळात मिडफील्डर आहे आणि टॅकल असा करतो की जणू समोरच्याने त्याची असाइनमेंट पळवलीय. त्याला पिवळं कार्ड हाफटाइमच्या आत मिळणार, लिहून घ्या. त्यांचा अकरा नंबर डावखुरा आहे पण खेळतो उजवीकडून. आत कापतो आणि लांबच्या पोस्टकडे वळवून मारतो. फ्लुइड मेकॅनिक्सवाल्यांनी मॅग्नस इफेक्टचं हे प्रात्यक्षिक जरूर बघावं. त्याच्यासमोर आपला लेफ्ट बॅक आहे फर्स्ट इयरचा. मी त्याला एकच गोष्ट सांगितली: बॉलकडे बघ, त्याच्या खांद्याकडे नको. तो म्हणाला, "ताई, चिखलात दोन्ही दिसत नाही."

चिखल हीच आपली बाजू. दोन दिवस पाऊस थांबलेला नाही. त्यांचा खेळ जमिनीवरून, भराभर पास देण्याचा. पाणी साचलं की बॉल मध्येच थांबणार. आपल्याकडे सात नंबरचा लांब थ्रो आहे, कॉर्नरएवढा लांब, आणि थ्रोला चिखल लागत नाही. शिवाय थ्रोवरून थेट ऑफसाइड नाही. (हे मला वाडीतल्या आंटींनी सांगितलं. त्यांचे मिस्टर हारवूड लीगमध्ये खेळायचे आणि आंटी लाइनवर छत्री घेऊन उभ्या असायच्या. नियम कोणाकडून शिकावेत, तर छत्रीवाल्यांकडून.) आपला गोल झाला तर थ्रोवरूनच होईल, पहिल्या वीस मिनिटांत होईल, आणि नंतर आपण सगळे मिळून तो जपत बसू.

मॅच शूटआऊटपर्यंत गेली तरी मला भीती नाही. आपला गोलकीपर एक्स्टीसीचा आहे, व्हायव्हात एक्स्टर्नलसमोर काहीही न येता वीस मिनिटं शांत उभा राहू शकतो. अशा माणसाला पेनल्टी म्हणजे काय!

माझा अंदाज २-१. कोणाच्या बाजूने ते सांगायची गरज नाही. दुसरा गोल साधारण सत्तराव्या मिनिटाला, कॉर्नरवर, पट्टी बांधलेल्या कपाळाने, असं मला सारखं दिसतंय. अर्थात त्यासाठी आधी कोणीतरी टेस्टमधून उठून, तीन-दहाच्या सुमाराला मरीन लाईन्सला उतरायला हवं. त्याने उतरावं की ग्रुप डिस्कशनला थांबावं हे मी त्याला विचारलेलं नाही. विचारणारही नाही. त्याची किट बॅग मात्र आज टीमच्या सामानाबरोबर पुढे गेलीय, ती त्याने स्वतः दिली.

येणाऱ्यांसाठी: ढोल नको, मागच्या वेळी आक्षेप आला होता. थाळी-चमचा चालेल. चर्चगेटहून येणाऱ्यांनी मैदानाच्या बाजूने चालत यावं. आजोबा म्हणतायत की मेट्रोने नेलंस तर मी येतो. गिरगावहून चर्चगेट चौथं स्टेशन, लिफ्ट आहे, पुढे मी हात धरीन. आंटीही यायचं म्हणतायत, छत्री घेऊन. म्हणजे एकेचाळीसचे त्रेचाळीस तर नक्की झाले.