तीन इंच

मुळा धरणाच्या जलाशयापलीकडील वस्तीवर अंथरुणाला खिळलेल्या एका आजींना ख्रिस्तप्रसाद देण्यासाठी मी होडीने जात असे. वल्ह्यांच्या त्या लाकडी होडीला नावाड्याने जुने आउटबोर्ड इंजिन बसवले. पण भर पाण्यात वारा सुटला, लाटा उठल्या की इंजिन नुसतेच किंचाळे. होडी जागच्या जागी. "फादर, मशीनमध्ये दमच नाही," तो म्हणाला. मलाही तसेच वाटले. सेमिनरीत आम्ही तत्त्वज्ञान शिकलो, पंख्याचे शास्त्र नव्हे!

दोष दमाचा नव्हता. होडीची मागची फळी 18 इंच उंच, इंजिन मात्र 15 इंची फळीसाठी घडवलेले. पंख्यावरची आडवी पट्टी होडीच्या बुडाच्या पातळीत हवी; आमची 3 इंच वर होती. लाटेत पंखा पाण्याऐवजी हवाच ओढी. इंजिन फार खाली बसवले, तर पाणीच त्याला अडवते.

पण फळी कापणे म्हणजे लाटेला वाट करून देणे, नावाडी कचरला. अखेर इंजिनाच्या पकडीपुरतीच खाच घेतली आणि पाणी अडवायला आतून दुसरी आडवी फळी ठोकली. कलाची खुंटी एक भोक आत घेताच होडीचे वर उचलले जाणारे तोंडही खाली बसले.

त्या दिवशी आजींनी विचारले, "आज इतक्या लवकर कसे, फादर?"