देठाचा पहारा आणि रात्रीचा पतंग

वाळक्या लाकडाचे तंतू कुरतडून, त्यांत लाळ मिसळून केलेल्या लगद्याने कागदासारखे पोळे बांधणाऱ्या गांधीलमाश्यांच्या पिलांवर काही पतंगांच्या अळ्या जगतात. उत्तर अमेरिकेतील चॅल्कोएला इफिटॅलिस हा पतंग त्यासाठी प्रसिद्ध आहे. भारतात आढळणारा, ब्वादुव्हाल यांनी १८३३ मध्ये वर्णिलेला हिप्सोपायजिया मॉरिशियालिस हाही गांधीलमाश्यांच्या पोळ्यांत वाढतो.

पनवेलच्या जुन्या वस्तीतील एका कौलारू घराच्या पडवीत, वाशाला लटकलेल्या रोपालिडिया वंशाच्या माश्यांच्या पोळ्यात अशा अळ्यांचा शिरकाव प्रस्तुत लेखकाने पाहिला. आरंभी एका कोपऱ्यातील कप्प्यांवर पांढुरके रेशीम दिसू लागले आणि खाली बारीक विष्ठाकण पडू लागले; नंतर शेजारच्या कप्प्यांच्या भिंती पोखरल्या गेल्या, बंद कप्प्यांतील कोषावस्थेतली पिले नाहीशी झाली. माणसाचा हात जवळ येताच पंख उभारणाऱ्या माश्या मात्र या रेशमावरून निर्धास्त वावरत होत्या, आणि पाहणाऱ्याला सर्वाधिक अस्वस्थ करणारी गोष्ट हीच होती.

त्याचे कारण पोळ्याच्या रचनेतच शोधावे लागते. पोळे एका बारीक देठावर टांगलेले असते आणि अशा अनेक माश्या त्या देठाला पोटाकडील ग्रंथींचा मुंग्यांना पळवून लावणारा स्राव चोळतात. चालत येणाऱ्या शत्रूला वाट एकच, आणि तीही राखलेली. अंधारात उडत येऊन अंडी घालणाऱ्या पतंगाला या देठाशी कर्तव्यच नसते. एरवी इतर पतंगांच्या अळ्या मारून पिलांना भरवणारी ही निष्णात शिकारी माशी, स्वतःच्या कप्प्यात रेशमाआड दडलेल्या अळीपुढे हतबल ठरते.

यावर एक उत्तर ब्राझीलमधील पोलिस्टिस कॅनडेन्सिस या माशीकडे आहे. एकच मोठे पोळे वाढवण्याऐवजी ती अनेक लहान पोळी बांधते आणि कीड लागलेले पोळे सोडून देते, असे रॉबर्ट जीन यांनी १९७९ मध्ये दाखवले. पनवेलच्या माश्यांनीही अखेर पोखरलेले पोळे सोडले आणि त्या दुसऱ्या वाशाखाली बांधू लागल्या. सोडलेले पोळे रिकामे समजून लोक झाडून टाकतात. वास्तविक त्याच्या कप्प्यांत पतंगांचे कोष असतात आणि पुढच्या पिढीचे पतंग तेथूनच बाहेर पडतात.