चौथा ठिपका

आमच्या आईची शाळा चौथीतच सुटली. लहानपणी चुलीतल्या कोळशाने भिंतीवर बैल काढला म्हणून तिने वडिलांचा मार खाल्ला होता. तेव्हापासून जे काही काढले ते दारापुढच्या रांगोळीत.

यंदा मे महिन्याच्या सुटीत नातवंडे आली. नातीने पेन्सिल हातात दिली, "आजी, गाय काढ." आजीने काढली. पोरे ओरडली, "अगं, ही तर आपली कपिला!" एक शिंग वाकडे, तेही बरोबर. झाले! मग रोज दुपारी ओसरीवर आजी आणि तिची तीन नातवंडे. मी साठवलेले पाठकोरे कागद आठवड्यात संपले. आईला इतकी हसताना मी कित्येक वर्षांत पाहिले नव्हते.

एकदा मी उन्हाळी मक्यावरची लष्करी अळी बाटलीतून घरी आणली. २०१८ साली ही आपल्या देशात आली. डोक्यावर उलटा इंग्रजी 'वाय', आजीच्या भाषेत उलटी गलोल; शेपटीकडे चौकोनात चार ठिपके. आजीने अळी हुबेहूब काढली. धाकटा मोजून म्हणाला, "आजी, ठिपके तीनच!"

"चौथा मला दिसलाच नाही रे."

पोरे हसली. मला हसू आले नाही. दुसऱ्याच दिवशी तिला तालुक्याला नेले. मोतीबिंदू निघाला, तोही पिकलेला.

जूनमध्ये शस्त्रक्रिया झाली, तेव्हा नातवंडे परत गेली होती. डोळ्याची पट्टी सुटून महिना झाल्यावर आईने पुन्हा अळी मागितली. चार ठिपके काढले आणि म्हणाली, "हे धाकट्याला पोस्टाने धाड."

धाडण्याआधी मी एक प्रत काढून ठेवली. खरिपाच्या सभेत तीच दाखवतो.