प्रकाशमापक

आमच्या दिल्लीच्या बिऱ्हाडी वडील एकदाच आले. हुमायूनच्या मकबऱ्याच्या पश्चिम दरवाजात, कमानीखाली उभे करून आम्ही त्यांचे कृष्णधवल छायाचित्र घेतले. मागचा संगमरवरी घुमट सुरेख उठला. वडिलांचा चेहरा मात्र काळाठिक्कर. कॅमेऱ्यातील मापकाने साऱ्या दृश्याची सरासरी काढली होती, आणि सरासरीत सावलीतल्या माणसाची दाद लागत नाही, हे आम्हां कारकुनांना तरी ठाऊक असावयास हवे होते. पुढल्याच वर्षी वडील गेले.

मग आम्ही एक अंशाचा स्पॉट मीटर घेण्याचे ठरविले. सेकोनिकचा नवा मीटर आपाती, परावर्तित, फ्लॅशचा, सर्वच प्रकाश मोजतो. पेन्टॅक्सचा डिजिटल आता बनत नाही. तो इवल्या वर्तुळात दिसेल तेवढ्याचाच आकडा सांगतो. आमचे काम तेवढेच होते. दुसऱ्याच्या मीटरशी एकाच भिंतीवर ताडून पाहून आम्ही जुना घेतला.

मीटर कशावरही रोखा, तो त्यास मध्यम करडेच समजतो. म्हणून तपशील हवा त्या गडद सावलीवर रोखावे आणि आकड्याहून दोन स्टॉप कमी प्रकाश द्यावा, ही ॲन्सेल ॲडम्स व फ्रेड आर्चर यांच्या झोन पद्धतीची रीत. सावलीत फिल्मवर जे उमटले नाही, ते पुढे कोणत्याही खटपटीने येत नाही.

परवा त्याच कमानीत पत्नीस उभे केले.

"आता मी दिसेन ना हो?" तिने विचारले.

आम्ही मान हलविली, आणि आकडा पुन्हा एकदा पाहिला.