शनिवारवाडा ते समताभूमी : पुण्यातील एक पायी सहल

दरवर्षी १ जानेवारीला भीमा-कोरेगावच्या जयस्तंभाला मानवंदना देण्यासाठी आपले लाखो बांधव येतात. त्यातील बरेचजण पुण्यामार्गे जातात. स्टेशनवर उतरायचे, गाडी धरायची, स्तंभापुढे नतमस्तक व्हायचे आणि रात्रीच्या गाडीने परत फिरायचे, असा बहुतेकांचा क्रम. वेळ उरलाच तर शनिवारवाड्यापुढे मुलाबाळांचा फोटो. एवढ्यावर पुणे पाहून झाले असे आपण समजतो. पण ज्या शहरातून आपल्या आयाबहिणींच्या हाती पहिल्यांदा पाटी आली, ते शहर पाहायचे राहूनच जाते.

म्हणून आमच्या वस्तीतील महिला मंडळ आणि आम्ही काही कार्यकर्ते यांनी मिळून एक सहल काढली. आजीबाईंपासून तिसरीतल्या मुलांपर्यंत सगळे. बस नाही, गाईड नाही. शनिवारवाड्यापासून निघायचे आणि महात्मा फुले वाड्यावर पोहोचायचे, पायी. थांबत थांबत, मुलांना समजावत गेलो तरी अडीच तास पुरले.

शनिवारवाडा

सुरुवात शनिवारवाड्यापासून केली, त्याला कारण आहे. अंधार किती होता हे कळल्याशिवाय दिव्याची किंमत कळत नाही. पहिल्या बाजीरावाने १७३० मध्ये या वाड्याचा पाया घातला आणि १७३२ मध्ये वास्तुशांत केली. उत्तरेकडचा दिल्ली दरवाजा आजही भक्कम आहे. त्याच्या फळ्यांवरचे लोखंडी खिळे पाहून पोरे हरखून गेली. हत्तीने धडक देऊन दरवाजा फोडू नये म्हणून ते ठोकलेले. आत मात्र वाडा नाहीच. १८२८ साली मोठी आग लागली आणि आतले महाल जळून गेले. उरली ती तटबंदी, जोती आणि कारंज्यांच्या जागा.

एका मुलाने विचारले, "काका, राजाच्या वेळी आपले लोक इथे यायचे का?"

याचे उत्तर डॉ. बाबासाहेबांनी 'जातिप्रथेचे विध्वंसन' या १९३६ च्या ग्रंथात देऊन ठेवले आहे. पेशव्यांच्या या राजधानीत अस्पृश्याला कमरेला खराटा बांधावा लागे, म्हणजे त्याची पावले पुसली जावीत. गळ्यात मडके अडकवावे लागे, म्हणजे त्याची थुंकी रस्त्यावर पडू नये. मुलांना आम्ही हे सगळे सांगितले, काही लपवले नाही. ती गप्प झाली. मग त्यांना हेही सांगितले की १८१७ च्या नोव्हेंबरात याच वाड्यावरचे पेशव्यांचे निशाण उतरले, आणि पुढे दीड महिन्याने, १ जानेवारी १८१८ रोजी, भीमेच्या काठी जी लढाई झाली तिच्यात महार शिपाई लढले. बाबासाहेब १ जानेवारी १९२७ रोजी त्या स्तंभाला वंदन करण्यासाठी गेले होते. स्तंभ आणि हा वाडा ही एकाच इतिहासाची दोन टोके आहेत. एक पाहून दुसरे सोडले तर मुलांना अर्धेच समजते.

भिडे वाडा

शनिवारवाड्याकडून शिवाजी रस्त्याने दक्षिणेकडे दहा मिनिटे चालले की बुधवार पेठेत दगडूशेठ गणपतीचे देऊळ लागते. देवळापुढे बाराही महिने गर्दी, हारफुलांची दुकाने, रांगा. आणि त्या देवळाच्या बरोबर समोर, रस्त्याच्या पलीकडे, भिडे वाड्याची जागा आहे. तात्यासाहेब भिडे यांच्या या वाड्यात १८४८ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा सुरू केली. पहिल्या मुली किती? फक्त सहा! देवळाकडे तोंड करून उभ्या राहिलेल्या गर्दीची पाठ त्या शाळेकडे होते. त्या गर्दीत शिकल्या-सवरलेल्या किती बाया असतात! कुणी नर्स, कुणी शिक्षिका, कुणी बँकेतल्या. पाटी कुणामुळे हाती आली हे कळायला त्यांना नुसते मागे वळून पाहायचे आहे.

आज तेथे गेलात तर जुना वाडा दिसणार नाही. खाली दुकाने आणि वर पडझड अशा स्थितीत तो वर्षानुवर्षे उभा होता. स्मारक व्हावे म्हणून आपल्या व बहुजन समाजातील संघटनांनी मोर्चे काढले, निवेदने दिली. कोर्टकज्जा चालत राहिला. अखेर २०२३ साली हायकोर्टात आणि मग सुप्रीम कोर्टात निकाल स्मारकाच्या बाजूने लागला आणि त्याच वर्षी डिसेंबरात महापालिकेने मोडकळीस आलेला वाडा उतरवला. राष्ट्रीय स्मारकासाठी ही जागा मोकळी झाली. राजवाड्याच्या तटबंदीची डागडुजी सरकार करते आणि शाळेच्या जागेसाठी मात्र लोकांना सुप्रीम कोर्टापर्यंत वाट पाहावी लागते, हे आमच्या बरोबरच्या भगिनींच्या मनाला फार लागले.

एक गोष्ट मुलांच्या ध्यानात आणून दिली. वाडा देणारे भिडे ब्राह्मण होते. जोतीरावांना घर सोडावे लागले तेव्हा गंज पेठेत आसरा देणारे उस्मान शेख मुसलमान होते. आपला लढा विषमतेशी आहे. माणूस कोणत्या घरात जन्मला यावरून त्याला शत्रू मानावे, हे ना फुल्यांनी शिकवले ना बाबासाहेबांनी.

विश्रामबाग वाडा

येथून बाजीराव रस्त्याकडे वळलो. विश्रामबाग वाड्याचे कोरीव लाकडी खांब आणि सज्जा लांबूनच नजरेत भरतात. दुसऱ्या बाजीरावाने हा वाडा एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला बांधला. पेशवाईनंतर १८२१ मध्ये इंग्रजांनी येथे संस्कृत पाठशाळा काढली. तिला पैसा आला तो पेशवे ब्राह्मणांना वाटत त्या दक्षिणेच्या फंडातून. आणि याच वाड्यात १६ नोव्हेंबर १८५२ रोजी मेजर कँडी यांच्या हस्ते जोतीरावांचा शालजोडी देऊन जाहीर सत्कार झाला! माळ्याचा पोर, वय अवघे पंचवीस, आणि सत्कार कशासाठी? मुलींना आणि अस्पृश्यांना शिकवले म्हणून. पेशव्यांच्या वाड्यात या कामाचा सन्मान व्हावा, याला काळाचा न्यायच म्हणायला हवे. बाहेरून वाडा पाहणाऱ्या प्रवाशांना ही गोष्ट कोणी सांगत नाही. आपण आपल्या मुलांना सांगावी.

तुळशीबाग आणि मंडई

जवळच तुळशीबाग. येथे मंडळाच्या भगिनींचा वेग एकदम कमी झाला हे सांगायलाच हवे! बांगड्या, स्टीलची भांडी, भातुकलीचे खेळ. अर्धा तास त्यात गेला. पण सहलीत थोडी मौज हवीच. फक्त पाकीट आणि लहान मुले दोन्ही सांभाळावी.

तुळशीबागेतून बाहेर पडलो की महात्मा फुले मंडई. मधला अष्टकोनी मनोरा असलेली ही दगडी इमारत १८८६ साली रे मार्केट या नावाने उघडली. जोतीराव १८७६ पासून काही वर्षे पुणे नगरपालिकेचे सभासद होते. मंडईच्या इमारतीवर एवढा पैसा ओतण्यास त्यांचा विरोध होता. तो पैसा गोरगरिबांच्या शिक्षणाकडे वळवावा असे त्यांचे म्हणणे. आज त्याच इमारतीला त्यांचे नाव आहे! मंडईपाशी २०२४ पासून भुयारी मेट्रोही आली आहे, त्यामुळे म्हाताऱ्या माणसांना परतीची सोय झाली.

शेवटचा टप्पा

मंडईपासून पूर्वेकडे पेठांच्या गल्ल्यांतून गंज पेठेकडे निघालो. आता या भागाला महात्मा फुले पेठ म्हणतात. रमतगमत वीस मिनिटांचा रस्ता. पण सावित्रीबाई गंज पेठेतल्या घरातून शाळेत शिकवायला याच पेठांतून चालत जात. बाई शिकवते हा अधर्म, म्हणून लोक शेण फेकत, चिखल फेकत, खडे मारत. त्या बरोबर एक जादा लुगडे नेत. शाळेत पोहोचल्यावर खराब झालेले बदलायचे आणि शिकवायला उभे राहायचे. तेव्हा त्यांचे वय होते सतरा-अठरा. आमच्या सोबत बारावीतल्या दोन मुली होत्या. त्यांच्याकडे पाहून एक ताई म्हणाल्या, "एवढ्याच असतील गं त्या, तुझ्यायेवढ्या." त्यानंतर रस्ता संपेपर्यंत त्या दोघी फारशा बोलल्या नाहीत.

याच गंज पेठेत लहुजी वस्ताद साळवे यांची तालीम. जोतीराव तेथे दांडपट्टा शिकले. फुले दांपत्याच्या शाळेत शिकलेल्या मातंग समाजातील मुक्ता साळवे हिने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला. तो १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. पेशवाई बुडून तेव्हा अवघी ३७ वर्षे झाली होती. ज्यांना वेद वाचायचा अधिकार नाही त्यांचा धर्म कोणता, हा प्रश्न त्या कोवळ्या पोरीने सरळ विचारला. शनिवारवाड्यात आमच्या मुलाने विचारलेल्या प्रश्नाचे पुढचे पाऊल ते हेच. बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात त्या प्रश्नाचे कायमचे उत्तर दिले.

समताभूमी

फुले वाडा लहान आहे. कौलारू छप्पर, अंगण, भिंतींवर जोतीराव-सावित्रीबाईंच्या जीवनातील प्रसंगांची चित्रे. मागे जोतीरावांची समाधी आहे. २८ नोव्हेंबर १८९० रोजी ते गेले तेव्हा अंत्ययात्रेत टिटवे धरून सावित्रीबाई पुढे चालल्या. पुढे १८९७ च्या प्लेगात मुंढव्याच्या महारवाड्यातील आजारी मुलाला पाठीवर घेऊन त्यांनी दवाखाना गाठला आणि त्याच रोगाने १० मार्चला त्यांचा अंत झाला.

१८६८ साली जोतीरावांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांना खुला केला. म्हणजे महाडच्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहाआधी ५९ वर्षे! हे सांगत असताना आमच्यातल्या सत्तरी ओलांडलेल्या आजी अंगणात टेकल्या. म्हणाल्या, "आमी ल्हान व्हतो तवा आडापसनं लांब हुभं ऱ्हायाचो. कुनाला दया आली तर वरनं वतायचं पानी." नातीने आपली पाण्याची बाटली त्यांच्या हाती दिली.

बाबासाहेबांनी बुद्ध, कबीर आणि फुले हे आपले तीन गुरू मानले. 'शूद्र पूर्वी कोण होते?' हा १९४६ चा ग्रंथ त्यांनी महात्मा फुल्यांना अर्पण केला. त्या अंगणात आम्ही सर्वांनी त्रिशरण-पंचशील घेतले, डबे सोडले आणि मुलांनी वहीत काय लिहिले ते वाचून दाखवले.

ज्यांना जायचे आहे त्यांच्यासाठी दोन शब्द. सकाळी लवकर निघा, उन्हाच्या आत चालणे होते. पाणी आणि डबा बरोबर असला की खर्च प्रवासाचाच काय तो. तुळशीबागेत रविवारी फार गर्दी असते. हाती वेळ असेल तर दुपारी शिवाजीनगरहून लोणावळ्याच्या लोकलने देहूरोडला जा. तेथील विहारात बाबासाहेबांनी २५ डिसेंबर १९५४ रोजी स्वहस्ते बुद्धमूर्तीची स्थापना केली आहे.

बंधुभगिनींनो, वाडे पडतात, जळतात, कोर्टात अडकतात. त्यांची आठवण टिकते ती कोणीतरी मुलाचे बोट धरून तेथे नेल्यामुळे. येत्या १ जानेवारीला पुण्यात एक सकाळ जादा काढा. नाहीतर ३ जानेवारीला, सावित्रीबाईंच्या जयंतीला या. आणि येताना मुलींना जरूर आणा.

जय भीम!