विनिपेगचा हिवाळा आणि ८२ सामने

कॅनडाला जायचं ठरलं की तुमच्या यादीत काय काय असतं? नायगरा, टोरांटो, व्हँकुव्हर, रॉकी पर्वत. विनिपेगचं नाव त्यात बहुधा नसतंच. असलंच तर कुणाची तरी भाची तिथे शिकायला आहे म्हणून. आणि जानेवारीत विनिपेगला जा, असं तर कुणी शत्रूलाही सांगणार नाही.

मी मात्र तुम्हाला तेच सांगणार आहे. जानेवारीत या आणि एखाद्या साध्या मंगळवारी संध्याकाळी इथला आइस हॉकीचा सामना बघा. अंतिम सामना नव्हे, उपांत्य नव्हे, नुसता साखळीतला एक सामना. तसं का सांगते, हे कळायला २०२४-२५ चा मोसम समजून घ्यावा लागेल. त्या मोसमात आमच्या विनिपेग जेट्सनी जे केलं, ते या शहरानं पूर्वी कधी पाहिलं नव्हतं.

आधी थंडीची ओळख

विनिपेग ही मॅनिटोबा प्रांताची राजधानी. वस्ती साडेसात लाखांच्या आसपास, म्हणजे आपल्याकडच्या मध्यम शहराएवढी. शहराच्या मध्यावर रेड आणि असिनिबॉइन या नद्यांचा संगम आहे. त्या जागेला ‘द फोर्क्स’ म्हणतात. उन्हाळ्यात जिथे बोटी फिरतात, तिथेच हिवाळ्यात नदी गोठली की स्केटिंगची वाट तयार होते. आजी-आजोबा, नातवंडं, बाबागाडी ढकलणाऱ्या आया, सगळे नदीवरून फिरायला निघतात.

डिसेंबरात दुपारी साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो. पारा उणे २५, उणे ३० पर्यंत उतरतो. इथल्या गाड्यांच्या पुढच्या जाळीतून विजेची वायर लोंबताना दिसते. इंजिन गोठू नये म्हणून रात्री ती प्लगला जोडून ठेवावी लागते. भारतातून नव्यानं आलेल्या माणसाला वाटतं, वा, इथे सगळ्याच गाड्या विजेवर चालतात!

असा हिवाळा जवळजवळ पाच महिने चालतो. ऑफिस, घर, बर्फ उपसणं, पुन्हा ऑफिस. घराबाहेर पडायला आणि शेजाऱ्याशी बोलायला माणसाला काहीतरी निमित्त लागतं. ते निमित्त हॉकी पुरवते. २०२४-२५ च्या मोसमात ऑक्टोबर ते एप्रिल ८२ सामने होते, त्यातले ४१ घरच्या मैदानावर. घरी दुधाचा रतीब असतो ना, तसा हा रतीब.

चेंडू कुठे आहे?

माझे सासरे पहिल्यांदा सामना बघायला आले, तेव्हा हाच प्रश्न विचारत होते. ध्यानचंदांच्या गोष्टी सांगणारा माणूस तो. इथे चेंडू नसतो. कडक रबराची, इंचभर जाडीची चपटी चकती असते, तिला ‘पक’ म्हणतात. ती बर्फावर उसळू नये म्हणून सामन्याआधी गोठवून ठेवतात. गोलरक्षक धरून एका बाजूला सहा खेळाडू, २० मिनिटांचे तीन भाग. खेळाडू इतक्या वेगानं दमतात, की पाऊण-एक मिनिटात बाहेर येतात आणि दुसरे आत उड्या घेतात, तेही खेळ न थांबवता.

गुणांचा हिशेब सोपा आहे. जिंकलात तर २ गुण. जादा वेळेत किंवा त्यानंतरच्या शूटआउटमध्ये हरलात तर १. नेहमीच्या वेळेत हरलात तर शून्य. साखळीच्या शेवटी ३२ पैकी १६ संघ बाद फेरीत जातात आणि तिथून स्टॅनली कपसाठीची खरी मारामारी सुरू होते.

दोन भाग संपेपर्यंत सासऱ्यांना पक दिसायला लागली. तिसऱ्या भागात ते पंचांवर ओरडत होते.

एकदा गेलेला संघ

या शहराची हॉकी समजायची तर १९९६ साल माहीत हवं. जेट्स नावाचा आधीचा संघ १९७९ पासून एनएचएल या सर्वांत मोठ्या लीगमध्ये खेळत होता. शहर लहान, मैदान जुनं, खर्च वाढत चाललेला. संघ जाणार अशी कुणकुण लागल्यावर १९९५ मध्ये हजारो लोक द फोर्क्सवर जमले. शाळकरी मुलांनी गल्ल्यांतले पैसे आणून दिले. तरीही १९९६ मध्ये संघ अमेरिकेतल्या फिनिक्सला गेला.

पुढची १५ वर्षं या शहरात एनएचएलचा संघ नव्हता. आमच्या शेजारचे आजोबा सांगतात, त्या काळात टीव्हीवर सामना लागला की ते वाहिनी बदलायचे. दुसऱ्यांच्या घरचं लग्न किती बघायचं, असं त्यांचं म्हणणं.

२०११ मध्ये अटलांटाचा संघ विनिपेगला आला आणि त्याला पुन्हा जेट्स हेच नाव मिळालं. मोसमी तिकिटं विक्रीला निघाली आणि १३ हजार तिकिटं हातोहात खपली. मालक कंपनीचं नाव ‘ट्रू नॉर्थ’. कॅनडाच्या राष्ट्रगीतातही हे दोन शब्द येतात. ते आले की अख्खं स्टेडियम एका आवाजात ओरडतं. पहिल्यांदा ऐकाल तेव्हा अंगावर काटा येईल.

पण भीती पूर्ण गेली नव्हती. कॅनडा लाइफ सेंटर हे आमचं स्टेडियम लीगमधल्या सर्वांत लहान स्टेडियमांपैकी एक, साधारण १५ हजार खुर्च्यांचं. करोनानंतर मोसमी तिकिटं साडेनऊ हजारांच्या आसपास उतरली. फेब्रुवारी २०२४ मध्ये खुद्द मालकांनीच सांगितलं, की हे असं फार काळ चालणार नाही. त्याच वर्षी एप्रिलमध्ये इथून फिनिक्सला गेलेला तो जुना संघही तिथून उठून सॉल्ट लेक सिटीला गेला. लोकांनी बातम्या वाचल्या आणि गप्प बसले. एकदा घर फुटलेल्या माणसाला दुसऱ्यांदा इशारा द्यावा लागत नाही.

तो मोसम

अशा वातावरणात ऑक्टोबर उजाडला. नवे प्रशिक्षक स्कॉट आर्नियल. त्यांची खेळाडू म्हणून सुरुवात १९८० च्या दशकात जुन्या जेट्समध्येच झालेली. पहिला सामना एडमंटनमध्ये, आदल्या मोसमात अंतिम फेरी गाठलेल्या संघाशी. आम्ही ६-० जिंकलो. मग दुसरा, तिसरा, असे पहिले आठही सामने जिंकले. १६ सामने झाले तेव्हा १५ विजय होते. लीगच्या इतिहासात अशी सुरुवात कुणीच केली नव्हती.

तरी आमच्या वरच्या मजल्यावर सुरुवातीला रिकाम्या खुर्च्या दिसायच्या. कामाच्या दिवशी तिकीट परवडत नाही, दुसऱ्या दिवशी मुलांची शाळा असते, ही कारणं तुम्हालाही ठाऊक आहेत. पण हळूहळू शहर जागं झालं. सिटी बसच्या पाटीवर मार्गाच्या नावाआड ‘गो जेट्स गो’ झळकायला लागलं. बँकेतली मुलगी पासबुकाआधी स्कोअर विचारायची. किराणा दुकानातले पंजाबी काका हॉकीवर तासभर बोलायचे. कॅनडात २००८ पासून हॉकीचं पंजाबीतून समालोचन होतं, हे तुम्हाला माहीत होतं का? आपल्याकडच्या कितीतरी घरांनी हा खेळ त्या समालोचनातून आपलासा केला.

गोलात कॉनर हेलेबक उभा असायचा. त्यानं त्या मोसमात ४७ विजय मिळवले. पुढे त्याला लीगचा सर्वोत्तम गोलरक्षक आणि सर्वांत मौल्यवान खेळाडू, असे दोन्ही मान मिळाले. पुढे काइल कॉनरचे ४१ गोल. जानेवारी-फेब्रुवारीत, थंडी ऐन भरात असताना, सलग ११ विजय. सकाळी गाडीवरचा बर्फ खरवडताना शेजारी ओरडून विचारायचा, “काल बघितलास?” आणि उणे २८ मध्ये दोन मिनिटं गप्पा व्हायच्या.

एप्रिलमध्ये साखळी संपली. ८२ पैकी ५६ विजय, २२ पराभव आणि जादा वेळेतले ४ पराभव. ११६ गुण. ३२ संघांत पहिले. साखळीत अव्वल येणाऱ्याला मिळणारा प्रेसिडेंट्स करंडक विनिपेगला पहिल्यांदाच मिळाला.

आणि मग वसंत

बाद फेरीत इथे ‘व्हाइटआउट’ असतो. १९८७ पासूनची प्रथा आहे. सगळे प्रेक्षक पांढरे कपडे घालतात. सेंट लुईसविरुद्धच्या सातव्या, निर्णायक सामन्यात शेवटची दोन मिनिटं उरली तेव्हा आम्ही ३-१ मागे होतो. लोक कोट चढवायला लागले होते. मग एक गोल झाला. अगदी शेवटच्या सेकंदांत कोल पर्फेटीनं दुसरा केला. जादा वेळेच्या दुसऱ्या भागात कर्णधार ॲडम लॉरीनं सामना संपवला. ४-३. त्या रात्री झोपलेलं माणूस मी तरी पाहिलं नाही.

पुढच्या फेरीत डॅलसनं आम्हाला सहा सामन्यांत हरवलं. सहाव्या सामन्याच्या आदल्या रात्री मार्क शायफलीचे वडील गेले. तो तरीही खेळला आणि आमचा एकमेव गोल त्यानंच केला. जादा वेळेत २-१ नं सामना गेला. नंतर डॅलसच्या खेळाडूंनी एकेक करून त्याला मिठी मारली.

कुणी म्हणेल, मग उपयोग काय? साखळीत पहिले, पण कप नाही. २०१३ मध्ये शिकागोनं दोन्ही जिंकलं, त्यानंतर २०२५ पर्यंत कुणालाच ते जमलेलं नाही. शेजारच्या आजोबांना मी हेच विचारलं. ते म्हणाले, “कप येतो आणि कपाटात जातो. मला १५ वर्षं मंगळवार नव्हता.”

मला त्यांचं पटतं. कपसाठीच्या लढती वसंतात दोन महिने चालतात. हिवाळा मात्र साखळीच्या सामन्यांवर निघतो. ज्या शहरानं संघ गमावलाय, त्याला ‘उद्या सामना आहे’ हे वाक्य म्हणजे काय ते नीट कळतं. त्या मोसमात ते वाक्य आम्ही ८२ वेळा म्हटलं, आणि ५६ वेळा हसत घरी आलो.

तुम्ही गेलात तर

भारतातून थेट विमान नाही. टोरांटो किंवा व्हँकुव्हरहून जा. शनिवारपेक्षा मधल्या वाराचं तिकीट बहुधा स्वस्त पडतं. कपडे एकावर एक घाला, कारण आत गेल्यावर काढावे लागतात. शहराच्या मध्यभागातल्या बऱ्याच इमारती काचेच्या बंद पुलांनी जोडलेल्या आहेत. त्यातून चालत थेट स्टेडियमपर्यंत पोचता येतं. आत जाण्याआधी जवळच्या चौकातला डेल हॉवरचक यांचा पुतळा बघा. जुन्या जेट्सचे ते लाडके खेळाडू, २०२० मध्ये कर्करोगानं गेले. दुसऱ्या दिवशी नदीवर स्केटिंग करा.

आणि वरच्या मजल्यावर शेजारी कुणी म्हातारबा एकटे बसलेले दिसले, तर त्यांना १९९६ बद्दल विचारा. पहिला भाग संपेपर्यंत ते थांबणार नाहीत.