बुडबुडा

थर्ड इयरची ओरल संपवून मे महिन्यात कोल्हापूरला घरी गेलो, तर उद्यमनगरातल्या आमच्या शेडमध्ये नवा पाहुणा आला होता. नवा म्हणजे आमच्यासाठी. लेथ सेकंडहँड, तोही कर्ज काढून घेतलेला. बाबा दहावीनंतर हेल्पर म्हणून कामाला लागलेले आणि मी 'मेकॅनिकल'वाला! बाबा कौतुकाने म्हणाले, "फाउंडेशनचं आता तूच बघ."

मी बघितलं. फाउंडेशन बोल्टचं काँक्रीट पक्कं झालं होतंच. गवंड्याची पाणसळ बेडवर लांबीला ठेवली. बुडबुडा मधोमध! एका पायाखाली बारीक फट दिसत होती, ती बोल्ट गच्च आवळून मिटवली. मशीन जागचं हलेना. "ओके" म्हणालो आणि चहा प्यायलो.

पंधरा दिवसांनी दोनशे पिनांचा पहिला लॉट परत आला. दीडशे मिलिमीटर लांबीत तीस मायक्रॉनचा टेपर. चालणार होता पंधरा. बाबा काही बोलले नाहीत. रात्री जेवताना एवढंच म्हणाले, "हप्ता पाच तारखेला आहे." त्यापेक्षा शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

माझा पहिला संशय टेलस्टॉकवर. (पाठ केलेलं उत्तर आधी, ही व्हायवाची सवय!) पण पिना नुसत्या चकमध्ये धरून टर्न केल्या होत्या, टेलस्टॉकचा संबंधच नव्हता. शेवटी शेजारच्या शेडमधले मिस्त्रीकाका आले.

"लेव्हल कशानं घेतलीस?"

मी पाणसळ दाखवली.

"हे भिंतीचं. मशिनपुढं हे आंधळं."

त्यांनी स्वतःची प्रिसिजन लेव्हल आणली. तिचं एक घर म्हणजे मीटरला 0.02 मिलिमीटर. आधी ती एकाच जागी उलटसुलट ठेवून लेव्हलच खरी आहे ना, हे पाहिलं. मग बेडवर आडवी ठेवली. हेडस्टॉकजवळ बुडबुडा मध्ये, टेलस्टॉकच्या टोकाला मात्र एका कडेला जाऊन चिकटलेला! बेडला पीळ पडला होता. तो त्या बोल्टने, म्हणजे मीच, घातला होता.

काकांनी मेन स्विच बंद केला, बोल्ट सैल केले. पहारेने बेड जरा उचलला. मी शिम सरकवायला पायाखाली हात घालणार, तोच ते ओरडले, "हात काढ! आधी ठोकळा लाव!" ठोकळा लावला आणि शिम लांब पट्टीने ढकलली. दोन मिनिटांनी पहार खरंच सटकली. दणका ठोकळ्याने खाल्ला. माझी दहाही बोटं शाबूत आहेत, म्हणून हा लेख!

मग बोल्ट आळीपाळीने, थोडे थोडे आवळायचे आणि नजर बुडबुड्यावर. आवळताना बुडबुडा सरकला, की पाय अजून नीट टेकलेला नाही. परत सैल, परत शिम. यात संध्याकाळ झाली. शेवटी चकमध्ये बार धरून दोन कॉलर ठेवल्या, दोन्हींवर एकाच सेटिंगने हलका कट घेतला आणि मायक्रोमीटर लावला. फरक पाच मायक्रॉन.

"आठ दिवसांनी परत बघायचं," काका म्हणाले. "आणि ध्यानात ठेव, बोल्टानं फट मिटवायची नसती. टेकलेला पाय धरून ठेवायचा असतोय."

त्यांचं शिक्षण मी विचारलं नाही. माझं मात्र त्या दिवशी कळलं. बोल्ट मशीन सरळ करत नाही, आहे तसं पक्कं करतो. वाकडं असेल तर वाकडंच पक्कं होतं.

दुसरा लॉट पास झाला. हप्ता मात्र त्या महिन्यात चुकलाच. परत आलेली एक पिन मी होस्टेलवर आणलीय, टेबलावर असते. डोळ्यांना एकदम सरळ दिसते. कुठल्याही कामाला "ओके" म्हणायच्या आधी मी ती एकदा हातात घेतो.